बुधवारचं चर्च, आप्पांचे दशावतार आणि जीवशास्त्राचा पेपर

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही मूळचे सांगलीचे. आता बरीच वर्षं पेनसिल्व्हानियात, हॅरिसबर्गच्या जवळ राहतो. मी इथल्या एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, नवरा आयटीत आहे, मुलगा नववीत. सासूबाई गेल्यापासून सासरे वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो.

मुलाचा जिवलग मित्र दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या युथ ग्रुपला जातो. बास्केटबॉल, पिझ्झा, मग थोडी चर्चा. आमचाही जायला लागला. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग तिथून तो इंटेलिजंट डिझाइनवरचं एक पुस्तक घेऊन आला. जीवशास्त्राच्या चाचणीत उत्क्रांतीचे पुरावे विचारले होते, तिथे याने लिहिलं की इतकी गुंतागुंत आपोआप होणं शक्य नाही, कुणीतरी बुद्धिमान रचनाकार असणारच. गुण गेले. नवरा भडकला. ‘उद्या बाप्तिस्मा घेऊन येशील’ म्हणाला आणि बुधवार बंद केला. त्यावर आप्पा जेवताना म्हणाले, ‘डार्विनने काय नवीन सांगितलं? मत्स्य, कूर्म, वराह. आपल्या ऋषींना हे ठाऊकच होतं.’ मुलगा लगेच म्हणाला, ‘म्हणजे आप्पा, तुमच्या मते पण देवानेच केलं ना? मग बाबा तुमच्यावर का ओरडत नाहीत?’ नवरा पानावरून उठून गेला.

रात्री मुलाने मला विचारलं, ‘आई, तू सकाळी देवापुढे दिवा लावतेस आणि मग लॅबमध्ये जातेस. तू नक्की कुणाच्या बाजूने?’ मला काही बोलता आलं नाही. काय सांगू त्याला?

— पेनसिल्व्हानियाहून एक आई

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या घरात सगळ्यात नेमका प्रश्न तुमच्या मुलाने विचारलाय, आणि तो तुम्हाला विचारलेला नव्हे, आप्पांना विचारलेला. एकाच्या तोंडून ‘देवाने केलं’ आलं की खुळचटपणा आणि दुसऱ्याच्या तोंडून आलं की परंपरा, असं घरात चालत असेल तर चौदा वर्षांच्या पोराच्या ते नजरेत भरणारच. तो धर्म बदलायला निघालाय असं मला तुमच्या पत्रातून मुळीच दिसत नाही. तो वाद जिंकायला निघालाय. या वयात ते चांगलं लक्षण आहे. तुमच्या यजमानांना आधी एवढं सांगा.

आणि बुधवार परत सुरू करा. बंदी घातल्यामुळे त्या पुस्तकाची किंमत वाढली, बाकी काही झालं नाही. बाबांकडे उत्तर नाही म्हणून बाबांनी दार लावलं, एवढंच त्याच्या लक्षात राहील. मात्र तिथे बाप्तिस्म्याचा आग्रह होतोय किंवा तुमच्या घरच्या देवांची चेष्टा होतेय असं कानावर आलं, तर तुम्ही दोघांनी जाऊन तिथल्या पास्टरशी सरळ बोला. मुलाला मध्ये घालू नका. मोठ्यांचं बोलणं मोठ्यांनी करावं.

आता मुख्य मुद्द्याकडे. तुमच्या मुलाला बहुधा माहीत नसेल की त्याने हातात घेतलेल्या वादाचा सगळ्यात मोठा खटला त्याच्या घराजवळच झाला. डोव्हर हे गाव हॅरिसबर्गपासून फार तर 40 किलोमीटर. तिथल्या शाळा मंडळाने ऑक्टोबर 2004 मध्ये 6 विरुद्ध 3 मतांनी ठराव केला की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांती शिकवण्याआधी मुलांना एक छोटं निवेदन वाचून दाखवायचं. डार्विनचा सिद्धांत म्हणजे काही वस्तुस्थिती नव्हे, त्यात उणिवा आहेत, इंटेलिजंट डिझाइन हा दुसरा पर्याय आहे आणि ज्यांना रस असेल त्यांच्यासाठी त्यावरचं एक पुस्तक शाळेत ठेवलंय, असं त्यात होतं. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला साफ नकार दिला. शेवटी प्रशासनातल्या लोकांनी वर्गात येऊन ते वाचलं. अकरा पालक कोर्टात गेले. खटला 2005 च्या सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत हॅरिसबर्गच्या संघीय न्यायालयात चालला.

हा खटला मुलाला वाचायला द्या. सगळ्या साक्षी जशाच्या तशा उपलब्ध आहेत आणि वकिली भाषा असूनही त्या एखाद्या नाटकासारख्या रंगतात. त्यातल्या तीन गोष्टी त्याच्याशी बोलाव्यात असं मला वाटतं.

पहिली गोष्ट, त्या पुस्तकाची. नाव ‘ऑफ पांडाज अँड पीपल’. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये लुइझियाना राज्याचा एक कायदा रद्द केला होता. उत्क्रांती शिकवायची तर तिच्या जोडीने ‘सृष्टिविज्ञान’ही शिकवा, असं तो कायदा सांगत होता. न्यायालय म्हणालं, हे धर्मशिक्षण आहे, सरकारी शाळेत चालणार नाही. डोव्हरच्या खटल्यात बार्बरा फॉरेस्ट या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक बाईंनी या पुस्तकाचे जुने मसुदे शेजारी शेजारी मांडले. 1987 च्या निकालाआधीच्या मसुद्यांत ‘क्रिएशनिस्ट’, म्हणजे सृष्टी देवानेच निर्माण केली असं मानणारे, हा शब्द होता. निकालानंतर त्याच वाक्यांत, त्याच जागी ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ आलं. आणि एके ठिकाणी जुना शब्द नीट खोडायचा राहिला, तर ‘सीडिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स’ असं एक अजब प्रकरण मसुद्यात राहून गेलं होतं, अर्धं जुनं आणि अर्धं नवं. मधल्या अवस्थेतले जीवाश्म दाखवा असं सतत मागणाऱ्यांच्याच पुस्तकाच्या मसुद्यात हा असा सापडावा, याला काय म्हणायचं!

दुसरी गोष्ट प्राध्यापक मायकेल बीही यांच्या साक्षीची. हे लीहाय विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ, म्हणजे तुमच्याच राज्यातले. तुमच्या मुलाने पेपरात लिहिलेला युक्तिवाद मूळ त्यांच्या नावाने ओळखला जातो. उंदराच्या सापळ्याचा एक भाग काढला की सापळा निकामी होतो, तसे जिवाणूच्या शेपटीचे, कशाभिकेचे, सगळे भाग एकदम हवेत, म्हणून ती टप्प्याटप्प्याने घडूच शकत नाही, असं ते म्हणतात. ऐकायला हे फार पटतं. मुलाला पटलं यात त्याचा काही दोष नाही. पण तीच शेपटी जिथून फिरते त्या बुडाशी असलेल्या प्रथिनांची नातेवाईक प्रथिनं प्लेगच्या जिवाणूत वेगळंच काम करतात. तिथे शेपटी नाही, तिथे इंजेक्शनच्या सुईसारखी रचना आहे आणि तिच्यातून तो जिवाणू आपलं विष माणसाच्या पेशीत सोडतो. (1897 च्या पुण्याने ती सुई सोसलीय.) म्हणजे थोडे भाग घेऊनही काम चालतं, फक्त काम दुसरं असतं. ब्राउन विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर सापळ्याचे काही भाग काढून उरलेल्याची टायची क्लिप करून हिंडत असत, ते याचसाठी.

बीहींनी असंही लिहिलं होतं की आपली रोगप्रतिकारशक्ती कशी उत्क्रांत झाली याबद्दल विज्ञानाकडे काही उत्तर नाही. उलटतपासणीत वकिलाने त्यांच्यापुढे त्याच विषयावरचे 58 शोधनिबंध, नऊ पुस्तकं आणि पाठ्यपुस्तकांतली प्रकरणं रचली. बीही म्हणाले, हे पुरेसं नाही. मग विचारलं गेलं की विज्ञानाची जी व्याख्या तुम्ही करता तिच्यात फलज्योतिष बसेल का? त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं की बसेल. तुमच्या मुलाने यावर थोडं थांबावं, कारण याच बीहींना माणूस आणि माकडांचे पूर्वज एक होते हे मान्य आहे. त्या बुधवारच्या मंडळींनी त्याला हे सांगितलंय का, विचारा.

तिसरी गोष्ट न्यायाधीशांची. जॉन जोन्स हे रिपब्लिकन पक्षाचे, धाकट्या बुशनी नेमलेले, स्वतः चर्चला जाणारे. सगळ्यांना वाटलं होतं की ते मंडळाच्या बाजूने झुकतील. 20 डिसेंबर 2005 ला त्यांनी 139 पानांचा निकाल दिला: इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नव्हे, ते शाळेच्या विज्ञानाच्या तासाला आणता येणार नाही. त्या पुस्तकाच्या साठ प्रती घ्यायला पैसे एका सदस्याच्या चर्चमध्ये गोळा झाले होते आणि शपथेवर विचारल्यावर ते लपवलं गेलं, यावर त्यांनी कडक शब्द वापरले. स्वतःच्या श्रद्धेचा एवढा अभिमान बाळगणारी माणसं त्याच श्रद्धेपायी शपथेवर खोटं बोलली, याचं त्यांना वैषम्य वाटलेलं दिसतं. नंतर त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. आणि फिर्यादी पालकांत नास्तिकांचीच गर्दी होती असं नाही. सुट्टीत चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवणारं एक जोडपंही त्यांत होतं. हे तुमच्या यजमानांनी वाचावं. त्यांच्या डोक्यात एका बाजूला चर्च आणि दुसऱ्या बाजूला विज्ञान अशी जी रेघ आहे, ती डोव्हरमध्ये तिथून गेलीच नव्हती.

कोर्टाने विज्ञान ठरत नसतं, हेही मुलगा म्हणेल, आणि ते बरोबर आहे. मग त्याला खडकांकडे न्या. फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेसचे टेड डेश्लर आणि त्यांचे सहकारी नील शुबिन पेनसिल्व्हानियातच रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरांच्या कडांमध्ये साधारण 36 कोटी वर्षांपूर्वीचे चार पायांचे प्राणी शोधत होते. त्यांनी हिशेब केला: पाय फुटलेले प्राणी या थरात आहेत, नुसते मासे याहून बऱ्याच जुन्या थरांत आहेत, तर मधलं काही असेल तर ते 37 कोटींच्या आसपासच्या, उथळ पाण्यात साचलेल्या खडकांत असायला हवं. असे खडक उघडे कुठे आहेत? कॅनडाच्या उत्तरेला, एल्समिअर बेटावर. तिथे जाऊन, थंडी-वाऱ्यात काही उन्हाळे घालवून, 2004 मध्ये त्यांना टिकटालिक सापडला. माशाचे खवले आणि पर, पण मान वळवता येणारी, आणि परांच्या आत मनगटासारखी हाडं. कुठल्या काळाच्या खडकात काय सापडेल हे आधी ठरवून मग खणायला जायचं, आणि ते सापडायचं. इंटेलिजंट डिझाइनवाल्यांनी आजवर कुठे खणायचं हे सांगितलेलं नाही. माझ्या मते सगळा वाद इथेच संपतो.

मुलाला आपल्या देशातलं काही हवं असेल तर जम्मू घ्या. देवमासा जमिनीवरच्या खुरांच्या प्राण्यांतून आला असं म्हटलं की लोक हसायचे. कालाकोटच्या परिसरात ए. रंगा राव या भारतीय भूशास्त्रज्ञांनी काही खडक गोळा करून ठेवले होते. ते गेले. पुढे त्यांच्या पत्नीकडून ते खडक जीवाश्मशास्त्रज्ञ हान्स थेविसेन यांच्याकडे आले. त्यांच्या प्रयोगशाळेत एक कवटी साफ करताना चुकून फुटली आणि आत कानाचं हाड दिसलं. त्याची एक भिंत जाड होती, आणि ती तशी जाड फक्त देवमाशांच्या कुळात असते. मोठ्या मांजराएवढा, हरणाच्या जातकुळीतला, पाण्यात पाय बुडवून चालणारा हा प्राणी. नाव इंडोहायस, वय सुमारे 4.8 कोटी वर्षं. 2007 मध्ये शोध जाहीर झाला. तो देवमाशाचा थेट पूर्वज नव्हे, भाऊबंद म्हणा.

आणि एक गुणसूत्रांचं. माणसाच्या 23 जोड्या, चिंपँझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या 24. पूर्वज एक असतील तर एक जोडी गेली कुठे? ती हरवू तर शकत नाही, तेवढी जनुकं गेली तर जीवच जगणार नाही. म्हणजे दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेली असायला हवीत. शोधलं, तर माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या मध्यभागी, एरवी फक्त टोकाला असतात त्या खुणा सापडल्या, आणि दुसऱ्या मध्यबिंदूचे, म्हणजे सेंट्रोमिअरचे, निकामी अवशेषही. मिलरनी हे कोर्टात दाखवलं. रचनाकाराने मुद्दाम अशी खूण ठेवली असंही कुणी म्हणू शकतं. पण मग त्या रचनाकाराच्या स्वभावाबद्दल मला काळजी वाटायला लागते.

जाता जाता, जिराफाच्या गळ्यातली ती मज्जातंतू मेंदूपासून छातीत उतरून पुन्हा स्वरयंत्राकडे कशी वर येते, डोळ्यात आंधळा बिंदू कसा आहे, ही ‘वाईट रचनेची’ उदाहरणं नवऱ्याच्या हाती लागली असतील तर त्यांना म्हणावं जपून वापरा. देव असता तर त्याने असं केलं नसतं, हा युक्तिवाद करायचा तर देवाच्या मनात काय होतं हे आपल्याला ठाऊक असावं लागतं. मग तेही देवाबद्दलच बोलणं झालं.

आता आप्पा. माझा राग कुणावर असेल तर तो त्यांच्यावर नाही, त्यांच्या पिढीला ज्यांनी हे शिकवलं त्यांच्यावर आहे. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन ही चढती भाजणी डार्विनशी जुळते, हे आपल्याकडच्या एकाही जुन्या टीकाकाराला दिसलं नव्हतं. ते दिसलं डार्विनचं पुस्तक 1859 मध्ये आल्यानंतर: 1877 मध्ये थिऑसॉफीवाल्या मादाम ब्लाव्हाट्स्कींना, मग बंगालात केशवचंद्र सेनांना. तोवर कुणीही भागवत उघडून ‘हा पाहा, मासा आधी’ असं म्हणाल्याचं ऐकिवात नाही. उत्तर आधी कळलं, मग पोथीत सापडलं. शिवाय भागवतात अवतार दहाच नाहीत, अधिक आहेत, आणि आपल्या जुन्या पंचांगांत नववा अवतार म्हणून विठ्ठलाचं चित्र असायचं. विठ्ठल उत्क्रांतीच्या कुठल्या पायरीवर उभा करायचा? उत्क्रांतीला पायऱ्याच नाहीत, ही तर पुढचीच गोष्ट. कासव हे डुकराच्या आधीची इयत्ता नव्हे. दोघं आज आहेत, दोघांचा इतिहास तेवढाच लांब आहे.

पण हे आप्पांना जेवताना, नातवासमोर सांगू नका. म्हाताऱ्या माणसाचा पानावर अपमान करून काही साधत नाही. त्याऐवजी त्यांच्या वाचनातून जा. आप्पा संस्कृत वाचत असतील, निदान गीतेवर बसत असतील, तर त्यांना उदयनाचार्य आणि रामानुजाचार्य यांचा वाद आठवून द्या. अमेरिकेत आणि इंग्लंडात हे सगळं विल्यम पेलीच्या 1802 च्या पुस्तकापासून सुरू झालं असं मानतात: रानात घड्याळ सापडलं तर घड्याळजी असणारच. आपल्याकडे हीच गोष्ट नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, शेकडो वर्षं आधी मडक्यावरून सांगितली होती. मडकं हे कार्य आहे, त्याला कुंभार असतो; जग हेही कार्य आहे, म्हणून त्यालाही कर्ता आहे. उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वराच्या सिद्धीचं पहिलं कारण हेच. बौद्धांनी आणि मीमांसकांनी त्याच्यावर सडकून टीका केली, त्यात नवल नाही. बौद्धांना कर्ता ईश्वर नकोच होता आणि मीमांसकांचं वेदांवर भागत होतं.

नवल रामानुजांचं. हा नारायणाचा परमभक्त आचार्य ‘श्रीभाष्या’त नैयायिकांचा हा सगळा डोलारा पाडतो. त्याचं म्हणणं साधारण असं: मडक्यावरून कुंभार काढता, पण कुंभाराला शरीर असतं, मग तुमच्या ईश्वरालाही शरीर असलं पाहिजे. जग एकाच वेळी, एकाच कर्त्याने केलं हे कशावरून? वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्यांनी केलं नसेल कशावरून? तो सर्वज्ञ आहे हे मडकं पाहून कसं कळलं? अनुमानाने ईश्वर हाती लागत नाही, तो शास्त्रातूनच कळतो. म्हणजे बाराव्या शतकाच्या आसपास एक कट्टर वैष्णव माणूस इंटेलिजंट डिझाइन नाकारतो, आणि तेही देवावरच्या प्रेमापोटी. कारण ज्या देवाला तर्काच्या काठीचा आधार लागतो तो देव त्याला नकोय. उद्या कुणी त्या तर्काला खोट काढली की देव पडणार.

मला स्वतःला हा भाग फार आवडतो. यातून तुमच्या मुलाचा आप्पांना विचारलेला प्रश्न पुढे नेता येईल. आप्पांनीच नातवाला रामानुजांचं म्हणणं समजावून सांगावं. घरात दोघांना एकाच बाजूने बसून बोलायला विषय मिळेल, आणि पोराच्या लक्षात येईल की या वादात आपल्या आजोबांकडे ‘ऋषींना हे ठाऊकच होतं’ यापेक्षा बरंच जास्त सांगण्यासारखं आहे.

यजमानांविषयी थोडं. त्यांना हे अमेरिकन खूळ वाटत असेल. तसं समजून बसू नये. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, केंद्रातले शिक्षण खात्याचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचं लिहिलेलं वा सांगितलेलं नाही, आणि अभ्यासक्रम बदलायला हवा. हे गृहस्थ मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसताना नुसत्या खुणांवरून गुन्हे उकलतात हे त्यांना नव्याने सांगायला नको होतं. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून निवेदन काढलं. खात्याच्या कॅबिनेट मंत्र्यांनीही त्यांना आवरलं. पण पाच वर्षांनी, 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेलीच. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’चं नुसतं ‘आनुवंशिकता’ उरलं, बाकी बारावीला विज्ञान घेणाऱ्यांपुरतं. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी विरोधाचं पत्र लिहिलं. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 चा पहिलाच धडा मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. तेवढं तरी.

आणि त्यांनी मुलाला ‘विज्ञानाने देव नाही हे सिद्ध केलंय’ असं सांगू नये. केलेलं नाही. उत्क्रांती देवाबद्दल काही बोलतच नाही. केनेथ मिलर रोमन कॅथलिक आहेत. मानवी जनुकांच्या प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रान्सिस कॉलिन्स चर्चचे निष्ठावान. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1996 मध्ये म्हटलं की उत्क्रांती आता केवळ एक कल्पना राहिलेली नाही. खुद्द डार्विनची श्रद्धा हळूहळू गेली, त्यात त्याची दहा वर्षांची मुलगी अ‍ॅनी 1851 मध्ये गेली याचाही वाटा होता असं अनेक चरित्रकार मानतात. पण 1879 मध्ये कुणी पत्राने विचारलं तेव्हा तो म्हणाला की माणूस उत्कट आस्तिक आणि उत्क्रांतिवादी एकाच वेळी असू शकतो याबद्दल शंका घेणं त्याला चमत्कारिक वाटतं.

राहिलात तुम्ही. ताई, तुम्ही रोज सकाळी प्लेटवर औषधाच्या चकत्या ठेवून भोवती किती मिलिमीटरचं वर्तुळ उमटलं ते मोजता. गेल्या वर्षी ज्या औषधाने जिवाणू मरत होता त्याने यंदा मरत नाही, म्हणून तुम्ही रिपोर्टवर ‘रेझिस्टंट’ लिहिता आणि डॉक्टर औषध बदलतो. मेथिसिलिन 1959 च्या सुमारास वापरात आलं आणि 1961 मध्येच त्याला न जुमानणारे जिवाणू नोंदले गेले. तुम्ही उत्क्रांतीवर विश्वास ठेवता की नाही हा प्रश्नच उरत नाही. तुम्ही तिचं माप घेता, तुमचा पगार त्याचा आहे. एक दिवस मुलाला लॅबमध्ये नेता आलं तर न्या, निदान फोटो दाखवा. तो म्हणेल, ‘हे छोटे बदल आम्हालाही मान्य आहेत, मोठे नाहीत.’ असं म्हणायला त्याला त्या पुस्तकाने शिकवलं असणार. तेव्हा त्याला टिकटालिक आणि दुसरं गुणसूत्र आठवायला लावा. आणि विचारा की छोटे बदल साठत साठत मोठे होण्याला अडवणारी भिंत नेमकी कुठे आहे, ती दाखव. त्याला ती त्या पुस्तकात मिळणार नाही.

मग दिव्याचं. ‘कुणाच्या बाजूने’ याचं उत्तर देऊ नका, कारण प्रश्नच तसा लावलेला आहे की एक सोडावं लागेल. त्याला खरं सांगा. जग कसं घडलं हे कळावं म्हणून मी दिवा लावत नाही. का लावते ते मला नीट सांगता येणार नाही. आई लावायची, लावल्यावर बरं वाटतं, दिवसाला सुरुवात झाल्यासारखं वाटतं, कधी कुणाची काळजी असली तर तिथे ठेवून निघते. आणि लॅबमध्ये मात्र मी कशावरही तसा भरवसा ठेवत नाही, तिथे मोजते. तुमचं कारण माझ्या या वाक्यांपेक्षा वेगळं असेल, तर तुमचं सांगा. पण ‘माहीत नाही’ हा शब्द त्यात असू द्या, कारण त्या बुधवारच्या खोलीत आणि तुमच्या जेवणाच्या टेबलावर, दोन्हीकडे तो कमी पडतोय.

पेपराचं सोपं आहे. जीवशास्त्राच्या बाईंनी पुरावे विचारले होते, त्याचं मत विचारलं नव्हतं. गुण बरोबर गेले. त्याने बाईंना जाऊन भेटावं आणि सांगावं की मला या विषयावर आणखी वाचायचंय. चांगल्या शिक्षकाला असा विद्यार्थी आवडतो. बीहींचं पुस्तक आणि मिलरचं पुस्तक दोन्ही त्याने वाचावीत, त्या क्रमाने. सुट्टीत फिलाडेल्फियाच्या त्या अकॅडमीचं म्युझियम बघून या, त्या मित्रालाही घेऊन जा. आप्पांना अवश्य न्या, डायनासोर बघायला म्हातारी माणसं लहान मुलांइतकीच रमतात.

आणि तुमच्या मनात जे खरं आहे पण पत्रात नाही त्याबद्दल. समजा तो पुढे ख्रिस्ती झालाच, किंवा वडिलांसारखा देव न मानणारा झाला? सज्ञान झाल्यावर तो त्याचा हक्क आहे, आणि त्याचा निकाल जिवाणूच्या शेपटीवरून लागणार नाही. ख्रिस्ती होऊनही त्याने उत्क्रांती मान्य केली तर तो मिलर-कॉलिन्सच्या पंगतीत बसेल. हिंदू राहूनही नाकारली तर सत्यपाल सिंहांच्या. म्हणून आता फक्त विज्ञान शिकण्याबाबत आग्रही राहा. धर्माचं भांडण आलंच कधी, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा बोलण्याच्या गोष्टी वेगळ्या असतील, आणि त्या यजमानांसमोर बसूनच बोलाव्या लागतील.